कादंबरी, चित्रपट, गाणं: प्रबंधासाठी पुरावा कसा उभा करायचा

साहित्य, चित्रपट, संगीत किंवा नाटक या विषयांतले प्रबंध सहसा सिद्धांतापाशी अडत नाहीत, ते पुराव्यापाशी अडतात. परीक्षक एक पान उघडतात आणि विचारतात, ‘हे वाक्य कोणत्या आवृत्तीत आहे?’ किंवा ‘हा शॉट मला सापडला नाही, तुम्ही कोणती प्रत पाहिलीत?’ उत्तर देता आलं नाही, तर त्यावर रचलेलं दहा पानांचं विवेचन लटकं पडतं. म्हणून या लेखात एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला आहे: तुम्ही जे पाहिलं, ऐकलं, वाचलं, त्या नेमक्या जागी वाचकाला परत जाता आलं पाहिजे. सिद्धांत कोणता घ्यायचा हा वेगळा विषय आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

विषयातून प्रश्न काढा

‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्री’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्याचं उत्तर चुकू शकत नाही, म्हणून ते सिद्धही करता येत नाही. प्रश्न असा हवा: ज्या कादंबऱ्यांचा निवेदक पुरुष आहे, त्यांत स्त्रीपात्रांचं बोलणं थेट अवतरणात किती येतं आणि निवेदकाच्या तोंडून सांगितलं किती जातं? कथानक पुढे सरकतं तसं हे प्रमाण बदलतं का? इथे पुस्तक उघडून मोजता येतं, मोजलेल्याचा अर्थ लावता येतो आणि मुख्य म्हणजे तुमचा अंदाज खोटा ठरू शकतो.

प्रश्न लिहून झाला की त्याखाली एक ओळ लिहा: ‘काय दिसलं तर मी माझं म्हणणं सोडून देईन?’ ही ओळ सुचत नसेल, तर प्रश्न अजून विषयच आहे.

किती कृती घ्यायच्या? बारकाईनं वाचायचं असेल, तर पीएचडीसाठीही तीन ते पाच कादंबऱ्या किंवा दोन ते चार चित्रपट पुरतात. वीस कादंबऱ्या घेतल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कथासार आणि एखादं अवतरण एवढंच येतं. गाण्यांचं गणित निराळं आहे. एक गाणं तीन-चार मिनिटांचं असतं, त्यामुळे तीस-चाळीस गाण्यांचा संच आवाक्यात राहतो. निवडीत एक कृती मुद्दाम अशी ठेवा, जी तुमच्या म्हणण्यात बसत नाही. तिचं स्पष्टीकरण देणारं प्रकरण बहुधा सगळ्यांत चांगलं उतरतं. ‘उपलब्ध होत्या म्हणून’ हे निवडीचं कारण असेल तर तसं सरळ लिहा. ते लपवून सैद्धांतिक मुलामा चढवला की तोंडी परीक्षेत उघडा पडतो.

प्रत ठरवा, आणि ठरवली ती नोंदवा

सगळ्यांत कमी वेळ याच पायरीला दिला जातो आणि सगळ्यांत जास्त दुरुस्त्या याच पायरीमुळे येतात.

पुस्तकापासून सुरुवात करू. कादंबरी आधी नियतकालिकात क्रमशः आली असेल, मग पुस्तक झाली असेल, मग लेखकानं दुसऱ्या आवृत्तीत शेवट बदलला असेल, नंतरच्या प्रकाशकानं शुद्धलेखन नव्या नियमांप्रमाणे केलं असेल, आणि तुमच्या हातात आहे ते ई-पुस्तक. या पाचांत शब्द वेगळे असू शकतात. म्हणून वाचायला घेतलेल्या प्रत्येक प्रतीच्या मुद्रणतपशिलाच्या पानाचा फोटो काढून ठेवा. त्यावर ‘आवृत्ती’ लिहिलंय की ‘पुनर्मुद्रण’ ते बघा. पुनर्मुद्रणात मजकूर सहसा तोच असतो, आवृत्तीत बदललेला असू शकतो. अर्थात काही प्रकाशक दोन्ही शब्द हवे तसे वापरतात. त्यामुळे भिस्त छापील शब्दावर न ठेवता, तुमच्या युक्तिवादात महत्त्वाचे असलेले दहा-बारा उतारे दोन्ही प्रतींत शब्दशः ताडून पाहा. फरक निघाला तर पृष्ठतुलनेचा तक्ता करा: पहिल्या आवृत्तीचं पान, तुमच्या आवृत्तीचं पान, फरक काय. फरक निघाला नाही, तरी ‘हे उतारे ताडले, फरक नाही’ अशी एक तळटीप द्या. ई-पुस्तकातला पान क्रमांक अक्षराच्या आकाराबरोबर बदलतो, तिथे प्रकरण आणि परिच्छेदाचा क्रमांक द्यावा लागतो.

चित्रपटात गुंतागुंत वाढते. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट १९२७ साली बर्लिनला दाखवला गेला आणि थोड्याच काळात त्याची कापाकापी झाली. पुढची ऐंशी वर्षं अभ्यासक अपुऱ्या प्रतींवर लिहीत होते. २००८ साली ब्यूनोस आयर्समध्ये १६ मिलिमीटरची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१० साली नवी पुनर्स्थापित आवृत्ती आली. त्याआधीच्या लेखात ‘या पात्राला चित्रपटात स्थानच नाही’ असं वाचलंत, तर तो लेखक चुकला की त्याची प्रत अपुरी होती, हे तारीख पाहिल्याशिवाय कळणार नाही.

इतकं नाट्य नेहमी नसतं, पण छोटे फरक जवळपास प्रत्येक चित्रपटात असतात. सेन्सॉरनं कापलेले तुकडे, दूरचित्रवाणीसाठी कडा कापून बदललेली चौकट, स्ट्रीमिंगवर हक्कांच्या अडचणीमुळे बदललेलं एखादं गाणं. वेगाचाही घोटाळा होतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनं चित्रित होतो, पण काही देशांतल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमनं चालतात. त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज मुद्दाम खाली आणला नसेल तर साधारण ०.७ अर्धस्वर चढा ऐकू येतो. तुमची वेळनोंद ०१:१२:०० असेल आणि वाचकाकडे दुसरी प्रत असेल, तर तो तीन मिनिटं चुकीच्या जागी पोचतो. मूकपटांत तर प्रक्षेपणाचा वेगच ठरलेला नव्हता. एकच रीळ १६ फ्रेमनं आणि २४ फ्रेमनं चालवलं तर लांबी दीडपट बदलते. मूकपटाबद्दल ‘हा शॉट नऊ सेकंदांचा आहे’ असं लिहिताना वेग लिहिला नाही, तर त्या वाक्याला अर्थ उरत नाही.

उपशीर्षकांवरून संवाद उद्धृत करू नका. उपशीर्षक हे जागेच्या मर्यादेत बसवलेलं संक्षिप्त रूप असतं. संवाद कानांनी ऐकून उतरवा आणि भाषा येत नसेल तर भाषा जाणणाऱ्याकडून तपासून घ्या.

ध्वनिमुद्रणाचंही असंच आहे. ७८ गतीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटं मावत. ‘गायकानं इथे विस्तार टाळला’ असं लिहिण्याआधी ही मर्यादा आठवावी. त्या काळी सगळ्या तबकड्या बरोबर ७८ वरच मुद्रित होत असं नाही. डिजिटल रूपांतर करताना वेग सहा टक्क्यांनी चुकला तर सगळं गाणं जवळजवळ एक अर्धस्वर वर किंवा खाली सरकतं आणि लयही तितकीच बदलते. ‘हा गायक तारुण्यात काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी षड्ज धरून) गायचा’ हे विधान कधीकधी गायकाबद्दल नसून रूपांतर करणाऱ्याच्या यंत्राबद्दल असतं. तबकडीचा कॅटलॉग क्रमांक आणि मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक असे दोन्ही नोंदवा. एकच कॅटलॉग क्रमांक ठेवून पुढे वेगळं मुद्रण बाजारात आणल्याची उदाहरणं आहेत, मॅट्रिक्स क्रमांकानं ते ओळखता येतं.

नाटकाच्या बाबतीत आधी ठरवा: तुम्ही संहितेवर लिहिताय, एका प्रयोगावर, की प्रयोगाच्या चित्रफितीवर? या तीन वेगळ्या अभ्यासवस्तू आहेत. चित्रफितीत कॅमेरा कुठे वळला हा निर्णय नाटकाच्या दिग्दर्शकाचा नसतो, त्यामुळे ‘या क्षणी लक्ष नायिकेवर केंद्रित होतं’ हे वाक्य तिथे जपून लिहावं.

प्रत्येक कृतीसाठी एका पानाचं प्रत-पत्रक करा: नाव, निर्मितीचं वर्ष, हातातल्या प्रतीचं वर्ष, प्रकाशक किंवा वितरक, लांबी, चौकटीचं प्रमाण किंवा पानांची संख्या, कुठे मिळाली, कधी पाहिली, ज्ञात फरक. प्रबंधाच्या शेवटी ही पत्रकं परिशिष्ट म्हणून जशीच्या तशी लागतात.

नोंदी: तीन गोष्टी वेगळ्या ठेवा

अवतरण, वर्णन आणि तुमचा विचार या तीन गोष्टी एका परिच्छेदात मिसळल्या की वर्षभरानं कोणतं वाक्य कोणाचं ते कळेनासं होतं. वाङ्मयचौर्याच्या बऱ्याच तक्रारी लबाडीतून येत नाहीत, अशा मिसळलेल्या वहीतून येतात. उपाय साधा आहे. ओळीच्या सुरुवातीला ‘अ’, ‘व’ किंवा ‘म’ लिहायचं: अवतरण, वर्णन, माझं. अवतरणाला पान क्रमांक लगेच, त्याच क्षणी. ‘नंतर शोधू’ म्हणून सोडलेला क्रमांक शोधायला अख्खं पुस्तक पुन्हा चाळावं लागतं. झोटेरोसारखं मोफत संदर्भ-सॉफ्टवेअर पहिल्या आठवड्यातच बसवा. प्रबंध संपत आल्यावर चारशे नोंदी त्यात भरणं ही शिक्षा आहे.

मराठी मजकूर संगणकावर शोधायचा असेल, तर एका खड्ड्याची माहिती हवी. स्कॅन केलेल्या पानावरून अक्षरओळख केली की भ-म, घ-ध, ष-प यांची अदलाबदल होते आणि अनुस्वार गळतात. हे डोळ्यांना दिसतं तरी. न दिसणारी गडबड युनिकोडची, म्हणजे संगणक अक्षरं ज्या संकेतांनी साठवतो त्यांची असते. ‘ऱ’ हे अक्षर एक तर स्वतंत्र चिन्ह म्हणून साठवलेलं असतं, नाहीतर ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखीच, पण शोधताना एक सापडतं आणि दुसरं सुटतं. एनएफसी नावाचं प्रमाणीकरण सगळ्या फायलींवर चालवलं की हा फरक मिटतो. ‘ॲ’चा फरक मात्र त्यानं मिटत नाही. ते स्वतंत्र अक्षर म्हणून, ‘अ’वर चंद्र देऊन, किंवा मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून अशा तीन तऱ्हांनी टंकलेलं आढळतं आणि ते हातानंच शोधून बदलावं लागतं. ‘हा शब्द कादंबरीत फक्त अकरा वेळा येतो’ असं लिहिण्याआधी ही सफाई झालीच पाहिजे. शिवाय संगणकानं मोजलेल्या प्रत्येक आकड्यासाठी एक प्रकरण हातानं मोजून ताडा.

फायलीचं नाव तारखेनं सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, म्हणजे यादी आपोआप कालक्रमानं लागते. तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर. क्लाउडवर चूक झाली की ती चूकही इमानेइतबारे सगळीकडे पोचते, म्हणून सुटी डिस्क हवीच.

चित्रपट: शॉटचा तक्ता

आधी चित्रपट एकदा पूर्ण पाहा, हातात पेन न घेता. मग निवडलेलं दृश्य आवाज बंद करून पाहा. मग चित्र झाकून फक्त ऐका. या दोन फेऱ्यांत जे लक्षात येतं ते एरवी येत नाही: संगीत नेमकं कोणत्या वाक्यानंतर सुरू झालं, पुढच्या दृश्याचा आवाज आधीच्या दृश्यावर किती लवकर चढवला, पात्र बोलत असताना कॅमेरा ऐकणाऱ्यावर किती वेळ थांबला.

त्यानंतर तक्ता. अख्ख्या चित्रपटाचा नको, तीन-चार मिनिटांचं एक दृश्य घ्या. पहिल्यांदा करताना एवढ्यालाही अर्धा दिवस लागतो. रकाने असे: शॉट क्रमांक, सुरुवातीची वेळ, लांबी, चौकट (दूर, मध्यम, जवळ), कॅमेऱ्याची हालचाल, आवाजात काय, आणि शेवटचा रकाना ‘आधीच्या शॉटपेक्षा काय बदललं’. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. बाकीचे रकाने भरणं हे कारकुनी काम आहे. विश्लेषणाची सुरुवात इथे होते. व्हीएलसी या चित्रफिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ई’ ही कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, त्यामुळे कटची, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होण्याची, जागा नेमकी मिळते. निवांतपणे खुणा करायच्या असतील तर नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक भाषामानसशास्त्र संस्थेचं ‘एलान’ हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं. ते मुळात भाषाभ्यासासाठी बनलं, पण चित्र, संवाद आणि संगीत यांच्या समांतर पट्ट्या त्यात नीट मांडता येतात.

मोजणी सुरू करण्याआधी नियम लिहून ठेवा. एक चित्र विरघळत दुसऱ्यात गेलं, तर शॉट कुठे संपला असं धरायचं? मध्यबिंदू धरणं सोयीचं. श्रेयनामावली आणि मूकपटातल्या संवादपाट्या धरायच्या की सोडायच्या? दोन्ही चालतं, पण सगळ्या चित्रपटांना एकच नियम लागू हवा. आपोआप कट शोधणारी साधनं वीज चमकल्यावर किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाल्यावर खोटा कट दाखवतात आणि संथ विरघळणं हुकवतात. त्यांचा निकाल हा कच्चा खर्डा समजा.

शॉटच्या सरासरी लांबीवरून शैलीचा अभ्यास करण्याची पद्धत बॅरी सॉल्ट यांनी १९७४ साली मांडली. ती उपयोगी आहे, पण एकट्या सरासरीवर विसंबू नका. समजा एका दृश्यात दहा शॉट आहेत, नऊ प्रत्येकी ३ सेकंदांचे आणि एक ६३ सेकंदांचा. एकूण ९० सेकंद, सरासरी ९. पण त्या दृश्यात नऊ सेकंदांचा एकही शॉट नाही. मध्यक (लांबीच्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढला तर ३ येतो, आणि खरी गोष्ट ही की नऊ झटपट तुकड्यांमध्ये एक प्रदीर्घ शॉट मुद्दाम ठेवला आहे. सरासरी, मध्यक आणि सगळ्यांत लांब शॉट हे तिन्ही द्या. त्याहून बरं म्हणजे लांबीचा आलेख काढा, उभ्या रेघांचा, क्रमानं. दृश्याची लय नजरेसमोर उभी राहते.

तक्ता प्रबंधात घालायचा तो परिशिष्टात. मुख्य मजकुरात फक्त ते तीन-चार शॉट यावेत, ज्यांच्यावर तुमचा मुद्दा उभा आहे.

संगीत: कान आधी, यंत्र नंतर

स्वरलेखन ही नोंद नव्हे, ते भाष्य आहे. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) कुठे संपली, कणस्वर (ओझरता लागलेला स्वर) धरला की सोडला, ठेहराव किती मात्रांचा, हे सगळे निर्णय तुमचे असतात. म्हणून स्वरलेखनासोबत तुम्ही कोणती चिन्हं कशासाठी वापरलीत त्याचं पान जोडा आणि निदान दोन-तीन तुकडे दुसऱ्या जाणकाराकडून स्वतंत्रपणे लिहून घ्या. दोन लेखनांत जिथे फरक पडतो, त्या जागा बहुधा सांगीतिकदृष्ट्या सगळ्यांत रोचक असतात. त्या चुका म्हणून पुसून टाकू नका.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ मोफत मिळतं आणि ध्वनीचा वर्णपट, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारिता वाजताहेत त्याचं चित्र, दाखवतं. पण हे चित्र वाचायला शिकावं लागतं. समजा पुरुष गायकाचा षड्ज १४० हर्ट्झवर आहे. त्याच्या वरचा कोमल रिषभ साधारण १४८ हर्ट्झवर येतो, म्हणजे अंतर आठ-साडेआठ हर्ट्झ. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या ध्वनीवर खिडकीचा आकार (यंत्र एका वेळी जितके नमुने तपासतं ती संख्या) ४०९६ ठेवला, तर यंत्राची एक पायरी सुमारे १०.८ हर्ट्झची होते. म्हणजे मूळ स्वराच्या पट्टीवर षड्ज आणि कोमल रिषभ हे दोन स्वर यंत्राला वेगळे दिसणारच नाहीत, मग आंदोलनाची, म्हणजे स्वराच्या संथ झुलण्याची, गोष्टच सोडा. खिडकी १६,३८४ केली तर पायरी २.७ हर्ट्झवर येते, पण आता प्रत्येक क्षण सेकंदाच्या एक तृतीयांशाहून जास्त काळावर पसरतो आणि द्रुत तान नुसती धूसर पट्टी दिसते. दोन्ही एकदम मिळत नाही, हा गणिताचाच नियम आहे. मार्ग असा की मूळ स्वराऐवजी त्याच्या चौपट वारंवारितेची वरची पट्टी बघायची. तिथे तेच अंतर चौपट, म्हणजे तेहेतीस हर्ट्झ होतं आणि लहान खिडकीतही स्पष्ट दिसतं.

आपोआप सूर ओळखणारी साधनं तंबोरा आणि साथीच्या वाद्यांत गोंधळतात आणि मध्येच एक सप्तक वर किंवा खाली उडी मारतात. आलेखात एकदम बरोबर १२०० सेंटची, म्हणजे नेमक्या एका सप्तकाची, उडी दिसली, तर गायकाला श्रेय देण्याआधी कानांनी खात्री करा.

मुलाखत

विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागत असेल तर ती मुलाखतीआधी घ्या. झालेल्या मुलाखतीला मागाहून परवानगी सहसा मिळत नाही आणि मग चांगली सामग्री वापरता येत नाही. संमतिपत्रात तीन वेगळ्या परवानग्या हव्यात: ध्वनिमुद्रण करायची, उद्धृत करायची आणि पुढे संग्रहालयात ठेवायची. कलावंताचं नाव गुप्त ठेवायचं असं गृहीत धरू नका. समाजशास्त्रात ते संरक्षण असतं. कलाक्षेत्रात पुष्कळांना आपलं नाव यायला हवं असतं, आणि नाव काढूनही कृतीच्या वर्णनावरून माणूस ओळखू येतोच. सरळ विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

ध्वनिमुद्रण वेव्ह या न दाबलेल्या फाइल-स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करा. दुहेरी वाहिनीचा एक तास साधारण एक जीबी होतो. पातळी अशी ठेवा की सगळ्यांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. माणूस रंगात आला की आवाज चढतो, आणि वर जागा नसेल तर आवाज फाटतो, तो नंतर दुरुस्त होत नाही. पंखा बंद करता येत असेल तर करा, मोबाइल टेबलावर ठेवू नका, आणि सुरुवातीचा एक मिनिट ऐकून मगच पुढे जा. गायन-वादन करून दाखवणार असतील तर आधी विचारून पातळी पुन्हा लावा.

प्रश्न घटनेविषयी विचारा, मताविषयी नंतर. ‘तुमच्यावर कोणाचा प्रभाव आहे?’ याला ठरीव उत्तर येतं. ‘ही चाल पहिल्यांदा बसवली तेव्हा खोलीत कोण कोण होतं?’ याला आठवण येते. एका तासाचं लेखन करायला चार ते सहा तास धरून चला. ‘म्हणजे’, ‘आपलं ते’ यांसारखे शब्द ठेवायचे की गाळायचे ते आधी ठरवा. बोलण्याच्या ढबीवरच मुद्दा असेल तर ठेवायलाच हवेत. आठवणीतली सालं छापील जाहिरात, कार्यक्रमपत्रिका किंवा तबकडी यांच्याशी ताडून घ्या. चाळीस वर्षांपूर्वीचं साल माणूस दोन-तीन वर्षांनी सहज हलवतो. चुकलं तर मुलाखतीत दुरुस्त करू नका, तळटीप द्या.

निर्मिती हीच संशोधन असेल तर

क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली कलेविषयीचं, कलेद्वारे केलेलं आणि कलेसाठी केलेलं संशोधन असा भेद मांडला. मधल्या प्रकारात तुमची कादंबरी, लघुपट किंवा संगीतरचना हाच शोधाचा मार्ग असतो आणि सोबत लिखित विवेचन द्यावं लागतं. अडचण नेमकी विवेचनात येते. ते एक तर कृतीची रसग्रहणात्मक तारीफ होऊन बसतं, नाहीतर कृतीशी संबंध नसलेला सिद्धांताचा निबंध होतं.

यावर इलाज म्हणजे निर्णयांची वही, आणि ती पहिल्या दिवसापासून. रोज लिहायची गरज नाही. निर्णय झाला की चार ओळी: काय ठरवलं, दुसरे पर्याय कोणते होते, ते का सोडले, याचा प्रश्नाशी काय संबंध. उदाहरणार्थ: ‘तिसऱ्या प्रकरणातून निवेदक काढला. आधीच्या खर्ड्यात तो सगळं समजावून सांगत होता. आता दोन पात्रांच्या पत्रांवर प्रकरण चालतं. माझा प्रश्न साक्षीदाराशिवाय घटना सांगता येते का असा आहे, त्यामुळे हा बदल प्रश्नाच्या गाभ्याचा.’ अशा चाळीस नोंदी जमल्या की विवेचनाचा सांगाडा आयता मिळतो. आठवणीतून मागाहून लिहिलेल्या वहीत सगळे निर्णय शहाणे वाटतात, आणि परीक्षकाला ते लगेच जाणवतं.

जुना खर्डा कधीही पुसून त्यावर नवा साठवू नका. टाकून दिलेले खर्डेच इथे पुरावा असतात. प्रयोग किंवा मांडणशिल्प असेल तर एक कॅमेरा स्थिर, पूर्ण रंगमंच टिपणारा, आणि दुसरा हलता ठेवा. फक्त सुंदर तुकडे टिपणाऱ्या चित्रफितीवरून अवकाशाची रचना परत उभी करता येत नाही.

हक्क

समीक्षेसाठी मर्यादित उतारा देण्याची मुभा बहुतेक देशांच्या कायद्यांत कोणत्या ना कोणत्या रूपात आहे, पण मर्यादा देशागणिक बदलते. बर्न करार या आंतरराष्ट्रीय स्वामित्वहक्क करारानुसार साहित्य आणि संगीतकृतींना लेखकाच्या निधनानंतर किमान ५० वर्षं संरक्षण असतं, आणि कित्येक देशांत ते ६० किंवा ७० वर्षांचं आहे. गाण्यात शब्दांचे, चालीचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात. कविता आणि गीत लहान असल्यामुळे दोन कडवी दिली तरी कृतीचा मोठा भाग दिल्यासारखा होतो, तिथे विशेष सांभाळा. ग्रंथालयात जमा करायचा प्रबंध आणि त्याचं बाजारात येणारं पुस्तक यांना लागणाऱ्या परवानग्या वेगळ्या असतात. म्हणून चित्रं, चौकटी आणि दीर्घ अवतरणं यांची एक यादी ठेवा: काय, कोणाचं, कधी विचारलं, काय उत्तर आलं.

लिहायला बसल्यावर

परिच्छेदाची सुरुवात सिद्धांतकाराच्या नावानं करायची सवय मोडा. आधी तुमचं म्हणणं एका वाक्यात, मग जागा, मग अवतरण किंवा शॉट, मग त्यात काय दिसतं, आणि शेवटी गरज असेल तर सिद्धांत. अवतरणाइतक्याच लांबीचं विश्लेषण त्याखाली नसेल तर अवतरण छाटा. कथासाराला कृतीमागे एक परिच्छेद पुरे, बाकीचं कथानक विश्लेषणाच्या ओघात येऊ द्या.

‘प्रभावीपणे’, ‘अत्यंत मार्मिक’, ‘हृदयस्पर्शी’ असे शब्द खर्ड्यात शोधा. असा शब्द दिसला की तिथे काहीतरी पाहायचं राहून गेलं आहे असं समजा. प्रभाव कशानं पडतो हे लिहिलं की तो शब्द आपोआप गळतो.

सादर करण्याच्या महिनाभर आधी एक चाचणी घ्या. प्रबंधातले वीस संदर्भ चिठ्ठ्या टाकून निवडा, सगळे प्रकार आले पाहिजेत: पानं, वेळनोंदी, तबकड्या, मुलाखती. विषयाशी संबंध नसलेल्या मित्राला प्रत-पत्रकं, कृती आणि ही यादी द्या आणि शोधायला सांगा. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. जे सापडणार नाहीत त्यांची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: पान क्रमांक दुसऱ्या आवृत्तीचा, वेळनोंद दुसऱ्या प्रतीची, किंवा अवतरण दुसऱ्याच्या लेखातून उचललेलं आणि मूळ न पाहिलेलं. पहिली दोन कारणं असतील तर त्या कृतीचे सगळे संदर्भ एका बैठकीत पुन्हा ताडा, सुटे सुटे दुरुस्त करू नका. तिसरं असेल तर मूळ मिळवा, आणि नाहीच मिळालं तर ‘अमुक लेखात उद्धृत’ असं लिहून मोकळे व्हा.